ऐकणाऱ्याचा हुंकार

आमच्या मुलीनं डोळ्यांच्या दवाखान्यासाठी बाईच्या आवाजात फोन घेणारा कॉम्प्युटर तयार केला. पेशंटनं आपलं दुखणं सांगायचं, त्यानं ते समजून घेऊन तपासणीची वेळ द्यायची. पण म्हातारी माणसं बोलता बोलता मध्येच फोन ठेवून देत. "आज संध्याकाळपर्यंत फरक दिसला नाही तर बंद करू," असं मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"बाबा, जन्मभर भाषा शिकवलीत. जरा ऐका ना," म्हणत तिनं मला दवाखान्यातल्या तिच्या खोलीत आणून बसवलं. वर्गाबाहेर मी फारसा कुणाशी बोललेलो नाही. माझा काय उपयोग, असं मनात म्हणतच बसलो.

फोनवर एक आजी सांगत होत्या, "उजव्या डोळ्यानं धूसर दिसतं बघा. एरवी सुईत दोरा मीच ओवायची... हॅलो? अहो, आहात का? मेलं, भिंतीशी बोलतेय मी!" फोन बंद.

"त्याला शब्द न् शब्द कळला होता हो," मुलगी रडकुंडीला आली.

"कळला असेल गं. पण..." मी चाचरलो. "चुकतही असेन मी. तुझा कॉम्प्युटर हुंकार देत नाही. समोरून 'हं' आलं नाही की सांगणाऱ्याची जीभ अडते."

तिनं लगेच 'हं' घातलं, ठरावीक अंतरानं. पुढचे आजोबा उखडलेच. "हं हं काय लावलंय? बोलू देशील की नाही?"

करायला गेलो एक, झालं भलतंच. मी चष्मा पुसत बसलो. मुलगी मात्र हसत सुटली.

"बाबा, घाई नडली माझी. घड्याळ बघून कुणी हुंकार देतं का? माणूस दम खातो, तिथं हवा तो."

मग जुने फोन पुन्हा पुन्हा ऐकत ती एकेक थांबा शोधत राहिली. चहा निवून गेला तरी तिला पत्ता नाही. मला हे सुचलं नसतं.

उन्हं उतरता उतरता एका मावशींचा फोन आला. मोतीबिंदू, ऑपरेशनची धास्ती, मध्येच सुनेची तक्रार. यंत्र जिथल्या तिथं 'हं' म्हणत होतं. वेळ ठरली.

"ठेवते गं बाई. आमच्या घरात एवढं कुणी ऐकत नाही!"

डॉक्टरीणबाई दारातूनच हसल्या. "राहू द्या चालू."

खाली उतरताना लिफ्टमध्ये एक अनोळखी गृहस्थ होते. मी आपणहून बोलणाऱ्यातला नव्हे. पण घसा खाकरून म्हणालो, "इथल्या फोनवर जी बोलते ना, तिला ऐकायला माझ्या मुलीनं शिकवलंय."