खडकावर बसवलेले मालक

डोंगरकडा गावच्या मंजुळाबाईला उभ्या जन्मात कुणी गप्प केलं नव्हतं. सासूनं नाही, सरपंचानं नाही, की केळीचा घड बघून नाक मुरडणाऱ्या व्यापाऱ्यानंही नाही. पण गावची सहल कोकणातल्या त्या बंदराच्या गावात उतरली, उन्हं कलायला लागली, सगळी मंडळी पायी समुद्राकडं निघाली, आणि तिथून पुढं तिला एकावर एक धक्केच बसत गेले.

सहलीला बस प्रेमसिंगची होती; पुढारपण मंजुळाबाईचं. चहा कुठं प्यायचा, खिडकीशी कोण बसणार, देवाला आधी जायचं का जेवायला, सगळं तिच्या तोंडून ठरायचं. तिचे मालक रामकिशन सत्तरी ओलांडलेले, एक गुडघा धरलेला, बोलणं बेताचं. बायको बोलली की ते "बरं" म्हणायचे आणि तसं करायचे. रस्त्यानं नवरा पुढं आणि बायको दहा पावलं मागं, ही रीत मात्र मंजुळाबाईनं कधी मोडली नाही. मागून हाकायचं तेवढं काम ती करायची.

"डावीकडं वळा. डावीकडं म्हनलं मी! खड्डा हाय म्होरं."

मालक डावीकडं वळले.

तांबड्या दगडाच्या बुटक्या भिंती, आत नारळीची झाडं, आणि अर्ध्या रस्त्यावर मासळी वाळत घातलेली. आपल्याकडं शिजवलेली हळद पसरतात तशी! मंजुळाबाईनं पदर नाकाला लावला.

"अगं बाई! गाड्या कुठून जातेत मंग?"

"बाजूनं जातेत की," शेजारची रूपाबाई म्हणाली. "आपन रस्त्यावर टाकलेल्या तुरीवरून न्हाई का जात? इथं निदान बाजूनं तरी."

मंजुळाबाईला उत्तर सुचलं नाही. त्याचाही तिला धक्काच बसला.

पुढं गुडघ्याएवढी चड्डी घातलेले दोन म्हातारे गेले. चांगले पांढऱ्या केसांचे! "ह्यांच्या घरी सुना न्हाईत काय?" असं ती मोठ्यानं म्हणाली, तर त्यातला एक वळून हसला आणि त्यानं नमस्कार केला. मराठीच निघाला मेला.

पहिल्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी, कावळे, वास. "हितं न्हाई थांबायचं," मंजुळाबाईनं सांगितलं, आणि तीस माणसं मुकाट पुढच्या किनाऱ्याकडं चालली. उंचवटा ओलांडला आणि समोर ते पाणी आलं.

मंजुळाबाई थबकली. बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "पल्याडचा काठ कुठंय?"

"नसतो म्हने," रूपाबाई म्हणाली.

"नसतो म्हंजे? काठ न्हाई तर पानी थांबतं कशानं?"

सूर्य त्या बिनकाठाच्या पाण्याकडं उतरत होता. वाळू लांबवर ओली, चकचकीत. वाळूत चाळीसएक पावलांवर एक काळा, सपाट खडक होता. अलीकडं पायरीएवढी खोलगट जागा, तिच्यात घोटाभर पाणी.

मालकांचा गुडघा बोलायला लागला होता. बायकांना तर किनाऱ्याच्या पार टोकाच्या देवळात जायचं होतं. मंजुळाबाईनं खडक बघितला आणि ठरवलं. कालच एका देवस्थानात मालक चपला शोधत भलत्याच गावच्या लोकांत जाऊन बसले होते, अर्धा तास हुडकावं लागलं होतं.

"हितं बसा. समोर बघायला बी मिळतंय. अन् मी आल्याबिगर हलायचं न्हाई."

"बरं," मालक म्हणाले. खोलगट जागेतल्या पाण्यातून पाय टाकत गेले आणि खडकावर पाय पसरून बसले.

डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण बाजूनं चालली होती. ती थांबली. "आजी, आजोबांना तिथं बसवू नका. पाणी चढायला लागलंय."

मंजुळाबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "माय, कयाधूच्या काठी जलम गेला माझा. पानी कवा चढतंय ते मला नको शिकवू. वरी पाऊस पडला तर पानी चढतं. बघ आभाळ. टिपूसभर ढग हाय का?"

"ही नदी नाही, आजी."

"पानी ते पानीच असतंय."

कोळणीनं एकदा खडकाकडं, एकदा मंजुळाबाईकडं बघितलं आणि ती होड्यांकडं निघून गेली. "लईच शहाणी," मंजुळाबाई रूपाबाईला म्हणाली.

देवळात आरती लांबली. मग कुणाला फोटो काढायचे होते, कुणाला शिंपले वेचायचे होते. तास गेला. परतताना सूर्य पाण्याला टेकला होता. मंजुळाबाई सगळ्यांच्या पुढं होती, शिंपले वेचणाऱ्या म्हाताऱ्यांना लेकरं म्हणून हिणवत. तोंडातलं वाक्य अर्धंच राहिलं.

ओली वाळू नव्हतीच. जिथून त्या चालत गेल्या होत्या तिथं पाणी होतं. खडकाचा काळा माथा तेवढा वर, त्याच्या चारी बाजूंनी लाटा, आणि माथ्यावर मालक. पाय पसरलेलेच. धोतर भिजलेलं. समोर बघत बसलेले.

आभाळ अजून कोरडं होतं. मंजुळाबाईनं वर बघितलं, खाली बघितलं. पावसाबिगर पाणी चढलं होतं. कुणी सोडलं नाही, कुठं बांध फुटला नाही, आपल्या आपण चढलं होतं.

"अवं!" ती ओरडली. "अवं! अवं, ऐकू येतंय का?"

मालक हलले नाहीत. एक लाट त्यांच्या छातीवर फुटली.

मंजुळाबाई धावली. पाणी गुडघ्याला लागलं, आणि मागं फिरणाऱ्या लाटेनं पायाखालची वाळूच ओढून नेली. ती पडली, उठली, पुन्हा पडली. रूपाबाईनं मागून पदर धरून ओढलं. "मरशील बाई! ती खोलगट जागा भरली हाय!"

"अवं! अवं!" आवाज फाटायला लागला. आणि मग पन्नास वर्षांत उखाण्याबाहेर जे नाव तिच्या तोंडातून कधी निघालं नव्हतं, ते निघालं.

"रामकिशन! ये रामकिशन!"

बाया जागच्या जागी थिजल्या. खडकावर मालकांनी मान वळवली. त्या अंतरावरूनही दिसलं, ते घाबरलेले नव्हते. नवल करत होते.

"उठा!" मंजुळाबाई किंचाळली. "उठा म्हनते ना!"

मालक लगेच उठले.

तेवढ्यात ती कोळीण आली. टोपली वाळूवर फेकली, साडी खोचली आणि सरळ न जाता उजवीकडून, लांबून पाण्यात शिरली. तिला जमीन ठाऊक होती. छातीभर पाण्यातून ती खडकाला लागली, मालकांचा हात खांद्यावर घेतला आणि त्याच वाटेनं आली. वाळूवर आणून बसवलं तेव्हा मालकांचे ओठ निळे पडले होते. कोळीण टोपली उचलून गेली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मंजुळाबाईला बरं वाटलं असतं.

ती मालकांच्या समोर बसली. जीभ सवयीनं चालली.

"हाका ऐकू आल्या न्हाईत?"

"आल्या की."

"पानी दिसलं न्हाई?"

"दिसलं. आधी पायाला लागलं, मंग मांडीला."

"मंग उठलाव काहून न्हाई?"

मालकांनी तिच्याकडं बघितलं. तक्रार नव्हती डोळ्यांत, असायला हवी होती.

"तूच म्हनलीस, मी आल्याबिगर हलायचं न्हाई. आन् अवं अवं तर तू दिसभर करतीस. उठा म्हनलीच न्हाईस. म्हनलीस, तसा उठलो."

रूपाबाईला हसू फुटलं आणि तिनं ते तिथंच गिळलं. मंजुळाबाईचं तोंड उघडं होतं. आत काहीच नव्हतं. एवढं मोठं पाणी बघून बसला नव्हता असा धक्का तिला आत्ता बसला. हा माणूस बुडाला असता. गळ्याला पाणी लागेपर्यंत बसला असता, आणि मुकाट बुडाला असता, तिच्या शब्दाला जागून.

वरच्या रस्त्यावरून प्रेमसिंगनं शिट्टी मारली. "चला आजी! चलो, टाइम झाला! निघायचं का?"

तीस माणसं तिच्याकडं बघायला लागली. मंजुळाबाईनं मालकांच्या अंगाभोवती आपली शाल गुंडाळली.

"मला नको इचारू," ती ओरडली. आवाज बसलेला होता. "ह्यान्ला इचार."

प्रेमसिंग खाली आला, वाकला. "काका, निघायचं का?"

मालकांनी आधी मंजुळाबाईकडं बघितलं. ती वाळूकडं बघत राहिली, दात आवळून. मग त्यांनी पाण्याकडं बघितलं. तिकडं नुसता तांबडा उजेड उरला होता. कुणी विचारेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, त्यामुळं त्यांना वेळ लागला. प्रेमसिंगनं हातातल्या किल्ल्या वाजवल्या. मंजुळाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की किल्ल्या बंद झाल्या.

"थंडी वाजून राहिली," मालक शेवटी म्हणाले. "पन थोडं थांबू."