दोन मिनिटांसाठी नेलेलं स्टूल

लिफ्टवाल्या मावशीने सभागृहाचं दार ढकललं आणि थेट मंचाकडे बोट दाखवलं.

"ते स्टूल माझं आहे."

मंचाच्या मधोमध, दिव्याच्या झोतात, तिचं लाकडी स्टूल ठेवलं होतं. सकाळी प्राध्यापकांनी ते 'दोन मिनिटांसाठी' नेलं होतं. आता दुपार कलली होती. लिफ्टमध्ये उभं राहून राहून मावशीचे गुडघे बोलू लागले होते. पण गुडघ्यांचं कोण ऐकतं!

चर्चासत्राचा विषय होता, वंचितांचा आवाज ऐकला जातो का. स्टूल म्हणजे, ज्यांना कधी बोलू दिलं गेलं नाही त्यांची रिकामी जागा. कल्पना प्राध्यापकांची होती आणि चांगलीच होती. स्टूल तेवढं दुसऱ्याचं होतं.

"सर, माझं स्टूल द्या. बसायला लागतं मला."

प्राध्यापकांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोला, खरंच भरून आले. माणूस मुळात वाईट नव्हता. त्यांनी माईक ओढला.

"ऐकलंत? 'माझं' म्हणाल्या त्या! शतकानुशतकं हिरावून घेतलेली जागा परत मागताहेत!"

टाळ्या पडल्या.

"शतकं कुठली? सकाळीच नेलंत की तुम्ही."

"आणि 'तुम्ही' म्हणून त्या आपल्या सगळ्यांनाच जबाबदार धरताहेत!"

पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेतल्या पाहुण्याबाई उठल्या. त्यांचं म्हणणं पडलं की, या स्वतः बोलताहेत की आपणच त्यांच्या तोंडी शब्द घालतोय, हे आधी तपासायला हवं. त्यावर मागून कुणी हरकत घेतली आणि वाद चांगलाच रंगला. मावशीने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा प्राध्यापकांनी हात जोडले.

"तुमचं म्हणणं फार महत्त्वाचं आहे, मावशी. जरा थांबा हं."

मावशी थांबली. म्हणजे उभीच होती. शेवटी "याच्यापेक्षा भिंतीला सांगितलेलं बरं," असं पुटपुटत ती मंचावर चढली, स्टूल काखोटीला मारलं आणि चालू लागली.

मग अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. मावशीने वळूनही पाहिलं नाही. लिफ्टमध्ये शिरून स्टूल टेकवलं, बसली आणि "आई गं" म्हणाली. ते मात्र कुणी टिपून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापक लिफ्टमध्ये शिरले, ते फुललेल्या चेहऱ्यानेच.

"मावशी, काल गाजवलंत अगदी! आज समारोप आहे. स्टूल नेतो मी, आणि तुम्ही कालच्यासारख्याच या. अगदी तसंच उचलून न्या."

मावशीने दार ओढलं, सगळ्यात वरचं बटण दाबलं. उठली मात्र नाही.

"काय म्हणालात?"

"स्टूल. स्टूल हवंय."

"पंखा फार वाजतो हो. जरा मोठ्यानं बोला."

"स्टूल!" प्राध्यापक ओरडले.

मावशीने अगदी कळवळून मान डोलावली.

"तुमचं म्हणणं फार महत्त्वाचं आहे, सर. जरा थांबा हं."

सभागृहाचा मजला आला आणि मागे पडला. वर जाऊन लिफ्ट खाली येईपर्यंत प्राध्यापक उभेच होते.