जिजीचं माप

"मेल्यावर माणूस बारीक होतं असं ऐकलंय, पण इतकं?" ऑर्गनवाले काका फोटोसमोर उभे राहून स्वतःशीच कुरकुरत होते. "ही पोरगी कोण? मी कंपनीत आलो तेव्हाच जिजीला दोन हनुवट्या होत्या. आणि दोन्ही गोड होत्या."

कपडेपटाच्या दारात गुडघ्यावर बसून कंपनीचं शिवणकाम बघणारी आक्का कपड्यांच्या पेटीच्या गंजक्या कुलपाशी झटापट करत होती. तिला हसू आलं आणि पाठोपाठ रागही आला. हसू काकांचं, राग फोटोचा. जिच्या गाण्यावर ही संगीत नाटकांची कंपनी पंचवीस वर्षं तरली, ती जिजी गेल्या आठवड्यात गेली. आज पाच वाजता तिच्या आठवणींचा कार्यक्रम होता, आणि मालकांनी निवडून निवडून फोटो काढला होता तो तिच्या बाविसाव्या वर्षातला. पेन्सिलीला केस लावल्यासारखा.

फोटोवर भागलं असतं तर आक्काने गिळलं असतं. गिळायची तिला सवय होती. पण तेवढ्यात मालक एक पुतळा काखेत मारून आले. कापडदुकानात काचेआड उभा असतो तसला, बिनडोक्याचा.

"आक्का, ह्याला जिजींचा निळा मखमली झगा चढवा. राणीचा. मधोमध उभा करू, वरून दिवा सोडू. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

आक्काने पुतळ्याची कंबर पाहिली. तिच्या स्वतःच्या मांडीएवढी होती.

"झगा आता धाकटीच्या मापाचा आहे, राणी तीच करते ना. पण ह्याच्यावर तोही लोंबेल."

"मग आणखी आवळा. तुम्हाला काय ते नवीन आहे?"

मालक बोलून गेले, आणि मग उगाचच घड्याळाकडे बघत तिथून सटकले.

नवीन नव्हतंच. सहा वर्षांपूर्वी ह्याच दारात उभं राहून ते म्हणाले होते, "झगा धाकटीच्या मापाचा करा. जादा कापड कापूनच टाका. परवाचा प्रयोग ती करेल. आणि कुठे बोलू नका." जिजीचा आवाज तसाच होता. उलट अंगाबरोबर तोही भरत गेला होता, शेवटच्या रांगेतला डुलक्या घेणारा माणूसही दचकून सरळ बसायचा. पण जाहिरातीत राणी शेलाटी हवी होती. आक्काने झगा आवळला. एवढंच, की कात्री लावली नाही. सगळं कापड आत दुमडून ठेवलं.

परवा उजाडला. जिजी नेहमीच्या वेळेला आली. आरशासमोर धाकटी झगा घालून बसलेली. जिजी पुढे झाली, झग्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि आक्काकडे बघून म्हणाली, "टाके बारीक आलेत गं." मागच्या दाराने निघून गेली. आक्का पुढे तिच्या घराच्या गल्लीच्या तोंडापर्यंत चारदा जाऊन आली. आत जायला पाय उचलला नाही. आणि आता जाऊन भेटायला जिजीच उरली नव्हती.

पेटीचं कुलूप उघडलं. आक्काने झगा मांडीवर घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि आवळायच्या ऐवजी उसवायला बसली.

मखमल फार चहाडखोर कापड. जुनी शिलाई उसवली तरी तिची रेघ उमटून राहते. एकेक टाका सुटत गेला तशा झगा दरवेळी सैल केल्याच्या रेघा दिसायला लागल्या. एक जिजीच्या बाळंतपणाची. एक आजारपणात सूज आली त्या वर्षाची. एक निव्वळ खाण्याची, आणि तिची जिजीला तिळमात्र लाज नव्हती. "झग्याला सांग," ती म्हणायची, "मी माझं काम केलं, आता तू वाढ."

"आक्का, हे काय करताय?" धाकटी दारात उभी होती. आवाज अगदी लहान.

"दिसत नाही का? माप पुरं करतेय. छाती चव्वेचाळीस, कंबर एक्केचाळीस."

धाकटी उंबरा ओलांडून आत आली. मग खाली बसली. "मी धरते. तुम्ही उसवा."

"धर. आणि तोंड असं करू नकोस. तुझीही कंबर अशीच राहणार आहे थोडीच!"

झगा तयार झाला, पण पुतळा काटकुळाच. आक्काने विनोदी नटाच्या खुंटीवरचं खोटं पोट काढलं, दोन उशा फोडल्या आणि पुतळा भरायला घेतला.

"अहो, माझं पोट!" नट ओरडत आला.

"उद्या परत मिळेल. आज जिजीला हवंय."

नटाने पुतळ्याभोवती एक फेरी मारली. "मागून आणखी घाला," तो गंभीरपणे म्हणाला. "मागून ती जास्त होती." आणि स्वतःच कापूस कोंबायला लागला.

पाऊण तास राहिला असताना मालक आले. मधोमध निळ्या मखमलीत जिजी उभी होती. डोकं नव्हतं, पण खांदे मागे टाकून गाणं उचलायच्या आधी ती छाती भरून घ्यायची, अगदी तशी.

"हे काय आहे?"

"जिजी."

"लोक हसतील, आक्का!"

"हसले तर तिकीट लावा."

"चेष्टा नको. मला हे बारीक करून हवंय, आत्ता."

"एकदा केलं. आता माझा हात उठत नाही. तुमचा उठत असेल तर ही सुई घ्या."

"उद्यापासून कामाला यायचंय ना?"

"उद्याचं उद्या बघू. आज तिचं माप राहील."

मालकांनी आजूबाजूला पाहिलं. काका ऑर्गनचा भाता तपासत होते, नट छताकडे बघत होता, धाकटी झग्याचा घेर सारखा करत होती. कोणी हललं नाही. आणि बाहेर लोक यायला लागले होते.

पडदा उघडला. मग पुढून एक म्हातारी बाई मोठ्याने म्हणाली, "अगंबाई, हीच ती!" टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. विंगेत आक्काला वाटलं, झालं, एवढं पुरे.

तेवढ्यात पुतळ्यात भरलेला कापूस दबला. डावा खांदा हळूच खाली सरकायला लागला. आक्का इतक्या वर्षांत उजेडात कधी गेली नव्हती, पण झगा घसरताना बघत बसणं तिच्या रक्तात नव्हतं. ती वाकून पुढे गेली, टाचण्या ओठांत धरल्या आणि खांदा वर घेऊ लागली. मालक शेजारीच उभे राहून कागद वाचत होते.

"...आणि प्रकृतीकडे पाहून जिजींनी सहा वर्षांपूर्वी स्वखुशीने रंगभूमीचा निरोप घेतला."

आक्काचा हात थांबला. बोटांखाली ती कड होती, बारीक टाक्यांची भोकं अजून दिसणारी. तिने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पदराला टोचल्या.

"स्वखुशीने नाही," ती म्हणाली. आवाज आधी फाटला, मग सापडला. "तिला आम्ही काढलं. जाड झाली म्हणून. गळ्याला काही झालं नव्हतं. तिला न सांगता झगा आवळला तो मी. ती आली तेव्हा आम्ही सगळे इथेच होतो, आणि तिला बस म्हणायलासुद्धा एकाचं तोंड उघडलं नाही."