नैऋत्येचा मॉनिटर

टिपणीस साहेबांना दोन मॉनिटर हवे होते, कारण मुंबईच्या हेड ऑफिसातल्या कुणा जनरल मॅनेजरच्या टेबलावर दोन होते. एवढं कारण पुरे झालं. एका मॉनिटरवर साहेब आजवर काय करायचे, हे कृपा करून विचारू नका. मेल आला की द्रौपदीबाई टायपिस्ट तो छापून द्यायच्या, साहेब कागदावर पेनाने उत्तर लिहायचे आणि बाई ते टाइप करून पाठवायच्या. शिपाई मात्र रोज सकाळी मॉनिटर लख्ख पुसून ठेवायचा.

ही गोष्ट दोन हजार आठ सालच्या जुलैची, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कापडरंगांच्या एका कारखान्यातली. हेमचंद्र टिपणीस तिथले वर्क्स मॅनेजर. त्या वर्षी कंपनीने टेबलांखालची धुडं उचलली आणि प्रत्येकाच्या पुढ्यात डब्याएवढी एक पेटी ठेवली. खरा कॉम्प्युटर आता सर्व्हर-रूममध्ये. सगळ्यांचे डेस्कटॉप तिथे नांदायचे, टेबलावर नुसता देखावा यायचा. हे सगळं उभं केलं महेंद्र रोकडेने. आठवडाभर तो कात्रपच्या घरी फक्त झोपायला जात होता. कारखान्याने त्याचं कौतुक केलं म्हणाल, तर हो, चहा दिला दोनदा.

महेंद्र कायम नव्हता. अकरा महिन्यांचं पत्र, मग एक दिवस घरी बसायचं, मग पुन्हा अकरा महिन्यांचं पत्र, अशी पाच पत्रं त्याच्या फायलीत होती. सहावं येणार नव्हतं. हेड ऑफिसचा हुकूम आला होता की एकतीस जुलैपर्यंत असल्या माणसांना एक तर कायम करा, नाही तर मोकळं करा. महेंद्रचा अर्ज टिपणीस साहेबांकडे पडून होता. साहेबांनी दोन ओळींचा शेरा मारून सही केली की तो कायम. नाही केली की एक ऑगस्टला तो घरी, आणि हे घरी बसणं एका दिवसाचं नव्हे. प्रीती, त्याची बायको, जेवताना विषय काढायची नाही, पण ताट वाढताना त्याच्या तोंडाकडे बघायची. 

म्हणून साहेबांचे दोन मॉनिटर त्याने अगदी जीव ओतून लावले. एक नवा, चपटा, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून आणलेला. दुसरा साहेबांचाच जुना, भल्या थोरल्या पाठीचा. जुना टाकून द्यायला साहेब तयार नव्हते, चालतोय ना अजून, म्हणाले. आता सर्व्हरवरचा एकच डेस्कटॉप दोन पडद्यांवर पसरायचा तर दोन्ही पडद्यांचं माप सारखं लागतं. वर चढणं जुन्याच्या कुवतीत नव्हतं, तेव्हा नव्याला खाली उतरवावं लागलं. या कारखान्यात ती पद्धत नवी नव्हती, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. डावीकडे चपटा, उजवीकडे जाडा, आणि बाण या पडद्यावरून त्या पडद्यावर सुळकन जायचा. साहेबांनी शनिवारी तासभर तो बाण इकडून तिकडे नेला, तिकडून इकडे आणला. त्या दिवशी त्यांनी केलेलं ते मोठं काम.

आणि रविवारी आले मधूजी. हे गृहस्थ शहाडचे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत याच कारखान्यात बॉयलरवर होते, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वास्तुतज्ज्ञ झाले. बॉयलरवर असताना त्यांचं कुणी ऐकत नसे, आता साहेब स्वतः गाडी पाठवत. मधूजींनी होकायंत्र टेबलावर ठेवलं, डोळे मिटले आणि निदान केलं की जड वस्तू नैऋत्येला हवी, नाही तर अधिकार टिकत नाही. साहेबांच्या टेबलाची नैऋत्य निघाली डावीकडे. झालं! शिपायाला रविवारी घरून बोलावलं, जाडा मॉनिटर डावीकडे आणि चपटा उजवीकडे गेला. महेंद्रला कुणी विचारलं नाही. दिशांच्या बाबतीत रोकड्यांच्या घरात काही विचारण्यासारखं नसतं, अशी ऑफिसची समजूत होती, आणि खरं सांगायचं तर महेंद्रच्या आजोबांनी हे सगळं छप्पन्न सालीच सोडून दिलं होतं.

सोमवारी साडेनऊला साहेबांच्या केबिनमधून आरोळी आली. बाण उजवीकडे न्यावा तर मधल्या फटीपाशी अडून बसे, आणि डावीकडे न्यावा तर पार उजव्या टोकाला उगवे. साहेब घाबरले. मग चिडले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः डिस्प्लेच्या सेटिंग्ज उघडल्या, आणि तिथे संदेश आला की इथून हे बदलता येणार नाही. येणारच नाही हो! टेबलावर पडदे किती, कुठला कुठे, हे त्या पेटीला सांगायचं असतं, सर्व्हरवरच्या डेस्कटॉपला त्याचं काय सोयरसुतक. पण साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच केबिनमध्ये मलाच मनाई, असं ते द्रौपदीबाईंना तीनदा म्हणाले. मग मधूजींना फोन केला. मधूजींनी शांतपणे सांगितलं की ऊर्जेचा प्रवाह पालटलाय, एकवीस दिवसांत बसेल, तोवर जाड्या मॉनिटरवर तांब्याचा पिरॅमिड ठेवा.

जेवणाच्या सुट्टीला महेंद्रला बोलावणं आलं. तो केबिनकडे निघाला तेव्हा कुमुदिनी मॅडमनी त्याला वाटेत गाठलं. त्या पर्सोनेलमध्ये, रिटायर व्हायला आठ महिने राहिलेले, कारखान्यातली प्रत्येक फाइल त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी त्याला कॅबिनेटमागे ओढलं.

“काय झालंय ते कळलंय तुला?”

“हो मॅडम. दोन चौकोनांची अदलाबदल करायची.”

“मग लगेच करू नकोस,” मॅडम हळूच म्हणाल्या. “आज नुसतं बघ आणि मान हलव. उद्या पेटी उघडून ठेव. परवा एक वायर मागव. गुरुवारी सकाळी कर, आणि त्याच वेळी तुझ्या अर्जाचा विषय काढ. इथे लवकर होतं त्याला कुणी काम म्हणत नाही रे.”

महेंद्रला पटलं. नाही असं नाही, अगदी पटलं. चार दिवसांचा प्रश्न होता आणि पुढे सगळं आयुष्य होतं. पण केबिनमध्ये गेला, तर साहेबांचा तो बिचारा बाण फटीपाशी डोकं आपटत होता, आणि मॉनिटरवर पिरॅमिड. चुकीचं लावलेलं काही दिसलं की महेंद्रचे हात शिवशिवायचे, हा त्याचा जुना रोग. आणि मनात कुठे तरी असंही होतं, की खरं काम झटक्यात करून दाखवलं तर माणसाला किंमत कळते. भाबडेपणाच तो. पाच पत्रं झाली तरी गेला नव्हता.

साहेबांच्या खुर्चीत बसून त्याने सर्व्हरची जोडणी तोडली. पेटीच्या स्वतःच्या सेटिंग्ज उघडल्या. पडद्यावर एक आणि दोन आकड्यांचे चौकोन आले. दोन नंबरचा धरला, एकच्या डावीकडे नेऊन सोडला, ओके केलं. पुन्हा जोडणी केली. बाण जाड्यावरून चपट्यावर लोण्यासारखा गेला.

साहेब खूश झाले. पाठीवर थाप मारली. मग थांबले.

“काय केलंस?”

महेंद्रने सगळं खरं सांगितलं. मॉनिटरच्या जागा बदलल्या होत्या, कॉम्प्युटरला ते कळवायचं राहिलं होतं, तेवढं कळवलं.

“एवढंच?”

“एवढंच, साहेब.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर हिशोब चाललेला महेंद्रला स्पष्ट दिसला, आणि कुमुदिनी मॅडमचं बोलणं आठवून त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. साहेबांनी ड्रॉवरमधून त्याचा अर्ज काढला. वाईट हेतू नव्हता हो त्यांचा. उलट आज पहिल्यांदाच त्यांना महेंद्रचं काम समजलं होतं, आणि समजल्यामुळेच ते निर्णयाला आले होते. द्रौपदीबाई जेवायला गेल्या होत्या. साहेब म्हणाले, तू बसलाच आहेस तर तूच टाइप कर.

महेंद्रने अर्ज डाव्या पडद्यावर उघडला आणि कोरा कागद उजव्या. साहेब येरझारा घालत सांगत गेले आणि तो टाइप करत गेला. अर्जदार प्रामाणिक व हुशार आहे. तथापि सदर कामाचे स्वरूप पाहता त्यासाठी कायम कर्मचाऱ्याची आवश्यकता दिसत नाही. गरज पडल्यास बाहेरून माणूस बोलावता येईल. दुसऱ्या वाक्याला त्याची बोटं थांबली. साहेबांना वाटलं, ऐकू आलं नाही. त्यांनी ते वाक्य पुन्हा सांगितलं, सावकाश, शब्द तोडून. त्याने टाइप केलं. डावीकडे त्याचं नाव, शिक्षण, पाच वर्षांचा तपशील, उजवीकडे हे. दोन्ही एकाच वेळी, वरखाली न करता, अगदी स्वच्छ वाचता येत होतं.

प्रिंट आली. साहेबांनी सही ठोकली, कागद उंच धरला आणि मनापासून म्हणाले,

“बघ, हेही दोन मिनिटांत झालं. हात फार चालतो बुवा तुझा.”