सुटताना उडते ती ठिणगी

"वैनी, ह्यां इंजिन मेलां. आता हट्ट सोड," गुणाजी म्हणाला आणि त्यानं हातातली दोरी फेकली. सकाळपासून ओढून ओढून त्याच्या खांद्याची पार वाट लागली होती. दारात भंगारवाला हातगाडी लावून बिडी ओढत उभा. आपलं काम होणार, हे त्याला पक्कं ठाऊक!

लालबागच्या त्या पत्र्याच्या शेडात मिरची कांडायचा डंक होता आणि तो रॉकेलच्या लहानशा इंजिनावर चालायचा. डंक सुभद्राच्या नवऱ्याचा, धोंडूचा. पौषात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात धोंडू गेला. तेव्हापासून बाईचा दगड झाला होता; डोळ्यांतून टिपूस नाही. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. धाकटा दीर गुणाजी तिला गावी धाडायला निघाला होता. गावात तिचं होतं कोण? जावेच्या चुलीपुढं जन्म काढायचा. डंक चालला तरच मुंबईत राहता येईल, एवढं एकच तिला कळत होतं.

"जरा रवा," म्हणत ती इंजिनाशी बसली. झाकण काढून बघितलं. पाइंटाची दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट चिकटली होती. "पाइंट कोणी आवळले?"

"मिया. टोकाक टोक लागल्याबिगर ठिणगी येतली कशी?"

घ्या! ह्याच शहाण्यानं इंजिन मारलं होतं.

"लागताना नाय भावजी. सुटताना येता."

धोंडू काम करताना अखंड बडबडायचा, ते तिच्या कानात राहिलं होतं. चाकात लोहचुंबक असतं. चाक फिरलं की ते कॉइलीपुढून जातं आणि तिच्या जाड तारेत वीज वाहू लागते. ती ऐन भरात असताना पाइंट उघडायला हवेत. वाट तुटली की वीज एकदम थांबते, आणि त्या हिसक्यानं त्याच कॉइलीवरच्या केसासारख्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत असा जोर उठतो की प्लगाच्या फटीतून ठिणगी उडी मारते. पाइंट चिकटूनच राहिले, तर बसा दोरी ओढत!

तिनं पाइंट काचपेपरनं घासले, पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवली. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला नि म्हणाली, "ओढा."

निळी ठिणगी चटकन उडाली. तिचं बोट उघड्या तारेला लागलं नि हात कोपरापर्यंत उसळला.

"अगो, मरशीत!" गुणाजी ओरडला.

"लागला थोडा," ती म्हणाली, जणू दुसऱ्याच कुणाचा हात.

प्लग बसवला. दुसऱ्या ओढीला इंजिन खोकलं, तिसरीला धडधडायला लागलं. भंगारवाल्यानं बिडी फेकून गाडी वळवली. सुभद्रानं डंकात मिरची ओतली. लाल खकाणा शेडभर उठला आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

आवाज ऐकून शेजारची म्हातारी मीराबाई धावत आली. तिनं सुभद्राला छातीशी धरलं. "रडली गो बाय माझी! रड, रड, मोकळी हो!" गुणाजीही डोळे पुसायला लागला.

मिरची होती ती. आत काहीच हललं नव्हतं. पण म्हातारी एवढी सुखावली होती, तिला कशाला सांगायचं? सुभद्रानं पदरानं तोंड पुसलं आणि पुढची मिरची ओतली.