घरच्या बाईची साक्ष

विमलाबाईंना खोटं बोलता येत नव्हतं, असं कुणी समजू नये. चांगलं येत होतं. शेजारीण कोथिंबीर मागायला आली, तर आत ताजी जुडी असतानाही "संपली वं बाई" म्हणायच्या आणि पापणीसुद्धा हलायची नाही. पण त्या शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना त्यांच्याकडून जे एक खोटं हवं होतं, ते काही केल्या त्यांच्या तोंडातून निघेना.

झालं असं, की बालाघाटातल्या त्यांच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पंचाची एक जागा रिकामी झाली होती आणि विमलाबाईंच्या मोहितचं नाव पुढे आलं होतं. पंच होणं म्हणजे काही खेळ नव्हे. प्रभुभोजनाच्या दिवशी पाळकांच्या बाजूला उभं राहायचं, लोकांची भांडणं मिटवायची, रुसलेल्या नवरा-बायकोला समजावायचं. म्हणून या मंडळीची जुनी रीत होती, की ज्याचं स्वतःचं घर नीट, तोच पंच. आणि घर नीट आहे की नाही, हे बाप्यांना विचारायचंच नाही. निवडीच्या आदल्या दिवशी पाळक आणि एक जुने पंच घरी येणार, घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला समोर बसवणार आणि विचारणार, "या माणसाबद्दल घरात काही तक्रार?"

रीत छानच होती हो. फक्त आजवर एकाही बाईनं तक्रार सांगितली नव्हती. "काही नाई जी" म्हणायचं आणि पोहे आणायला आत पळायचं. एक जण तर पिऊन रस्त्यात पडायचा, त्याच्या आईनंही हेच सांगितलं होतं. आता बोला!

मोहित दारू पिणारा नव्हता. सरकारी कचेरीत नोकरी, गळा गोड, रविवारी त्याच्या पेटीशिवाय गाणं सुरू होत नसे. बायकोवर त्यानं कधी बोटही उगारलं नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, एवढंच. त्यावर मंडळीनं उपाय काढला होता. गेली चार वर्षं, महिन्याच्या पहिल्या रविवारी, भक्ती संपली की त्याच्या बायकोला, मंजुषाला, पुढे बोलवायचे. ती डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांसमोर गुडघे टेकायची, बायका तिच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि देवानं हिची कूस उघडावी म्हणून रडून प्रार्थना करायच्या. पेटीवर बसलेला मोहित सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणायचा. आणि त्या डोक्यावरचा सगळ्यांत जड हात असायचा विमलाबाईंचा. घरी आल्यावर त्यांची जीभ त्याहून जड व्हायची. "तुह्यातच काही पाप असल. नाहीतं देव काहून ऐकत नाई?" असं त्यांनी किती वेळा म्हटलं, त्याचा हिशेब त्यांनी ठेवला नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी त्या हट्टानं मंजुषाबरोबर गोंदियाच्या डॉक्टरीणबाईकडे गेल्या. त्यांना वाटत होतं, सून काहीतरी लपवते आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्यात काहीही दोष नाही. हे मी हिला चार वर्षांपूर्वीच सांगितलंय."

परतीच्या गाडीत विमलाबाईंनी सुनेला प्रश्नांनी अगदी सोलून काढलं. शेवटी मंजुषा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "त्यायच्यात आहे, आई. तपासणीत निघालं, त्यायले माहीत आहे. इलाज होऊ शकते म्हणे, पण ते गेलेच नाईत. मले म्हणाले, नवरा घराचं मस्तक असते, मस्तकाची लाज बायकोनं झाकाची. मी झाकली."

बालाघाट येईपर्यंत विमलाबाईंना लाज वाटत होती, आणि रागही येत होता, आणि दोन्ही कुणावर काढावं ते कळत नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी मोहितला धरलं. "तू सांग पास्टर साहेबाले. नाहीतं मी सांगीन."

"आई, एकदा पंच होऊ दे, मग पाहू," मोहित म्हणाला. "मर्दाची गोष्ट आहे. अशी बाहेर नाई नेत."

"आन् बाईची गोष्ट चार वर्ष समोर मांडली, ते चाललं?"

तो उठून गेला. आपली आई ऐनवेळी "काही नाई जी" म्हणेल याची त्याला खात्री होती. आई शेवटी आई असते, असं त्याला वाटत होतं.

शनिवारी पाच वाजता पाळक, म्हणजे पास्टर अनुराग, आले. जबलपूरकडचे, तरुण, मराठी मोडकंतोडकं. सोबत जुने पंच दुलीचंदभाऊ. मोहित इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसला. मंजुषा आतल्या दाराशी उभी राहिली. प्रार्थना झाली, आणि पास्टरांनी डायरी उघडून विचारलं, "माताजी, मोहितभाई के बारे में घर में कोई तक्रार?"

"आहे," विमलाबाई म्हणाल्या.

पास्टरांनी "नाही" लिहायला पेन टेकवलंच होतं. दुलीचंदभाऊ हसले. "विमलाबाई, मजाक नका करू. पोहे आणा."

"पोहे केलेच नाई आज."

तेव्हा कुठे दोघांनी मान वर केली. मोहितचा चेहरा खर्रकन उतरला. "आई!" तो म्हणाला. विमलाबाईंचा एकुलता एक पोरगा. त्याला ताप आला की रात्र रात्र जागलेली बाई ती. पण आता मागे हटलं तर पुन्हा या जन्मी बोलणं होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"लेकरू होत नाई हे पाप नाई," त्या म्हणाल्या. "हे मीबी आता शिकली. कोणाच्यात काय कमी आहे, तेबी पाप नाई. पण आपली कमी आपल्याले माहीत असून बायकोले चार वर्ष लोकायसमोर गुडघ्यावर बसवाचं, आन् वरून आमेन म्हणाचं, हे पाप आहे. असा माणूस लोकायचे संसार काय जोडल?"

पास्टर चाचरत म्हणाले, "माताजी, पती-पत्नीतली बात आहे. पती मस्तक आहे, त्याची इज्जत..."

"मस्तक आहे ना? मंग मंडळीचं मस्तक ख्रिस्त, त्यानं काय केलं, सांगा तुमीच. मंडळीसाठी सोताले देलं, का मंडळीले समोर ढकलून मांगं लपला?"

पास्टर भला माणूस होता, वाद घालत बसला नाही. तो दाराकडे वळला. "बहन, तुम्हाला काही बोलायचं आहे?"

"रीत मोठ्या बाईले विचाराची आहे," दुलीचंदभाऊ पुटपुटले.

"मोठी बाईच सांगून राह्यली, तिले विचारा," विमलाबाई कडाडल्या.

मंजुषा पुढे आली. बस म्हटलं तरी बसली नाही. ती मोहितकडे बघून बोलली. "मी तुमाले सोडून नाई जाऊन राह्यली. इलाजालेबी संग येईन. पण मले माफी पाहिजे. इथं घरात नाई. उद्या, सगळ्यायसमोर, जिथं मी बसत होती तिथं."

मोहितचे डोळे भरून आले. "हौ," तो म्हणाला. "येतो मी समोर." पास्टरांनी डायरी मिटली. या वर्षी मोहितचं नाव नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

विमलाबाईंचा ऊर भरून आला. केवढं मोठं काम आज आपल्या हातून झालं! त्या सुनेला "शाब्बास" म्हणणार, तेवढ्यात मंजुषा त्यांच्याकडे वळली.

"आई, तुमचाबी हात होता माह्या डोक्यावर. आन् घरात जे बोलल्या, ते मी इसरली नाई. तुमीबी या."

असा राग आला विमलाबाईंना! तिच्यासाठी पोटच्या पोराला उघडं पाडलं, आणि वर ही आपल्यालाच? तोंडापर्यंत आलेले शब्द त्यांनी कसेबसे गिळले. सून नजर न हलवता उभी होती. ती खरं बोलत होती, तेच तर सहन होत नव्हतं.

"माह्ये गुडघे धरले आहेत वं," त्या शेवटी म्हणाल्या. "खाली बसली तं उठता येणार नाई मले."

"तुमी बसा तं खरं," मंजुषा म्हणाली. "मी उठवीन."