गाणारं कोण हाय?

उत्तराचं डोकं सकाळपासून तापलेलंच होतं, त्यात दुर्गेशने आणखी तेल ओतलं.

“ताई, गाणारं कोण हाय?” मंडळाच्या या उत्साही कार्यकर्त्याने हॉलच्या दारातच तिला अडवलं.

“कोणी नाही. मीच वाजवून राहिली.”

“ते त माहीत हाय जी. पण कोणाच्या मांगं?”

“कोणाच्याच मांगं नाही! माझ्या एकटीचं व्हायोलिन आहे आज. बोर्डावर तुम्हीच लिहिलं ना?”

“लिहिलं न. पण लोकं निस्त्या तारा कितीक ऐकतीन? माही साळी भजनं झकास म्हणते. बोलावू का तिले?”

“खबरदार!”

आता या माणसाला काय समजावायचं, कपाळ? पण एकट्या दुर्गेशला तरी काय म्हणा! नागपुरात मैफल म्हटली की मधे गवई, त्याच्या डाव्या हाताला उत्तरा, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. तरुणपणापासून ती तिथेच बसत आली होती. गवयाने एखादी सुरावट घ्यायची, हिने ती हुबेहूब तारेवर उमटवायची. हार मात्र गवयाला. आज केस पिकल्यावर कुठे मधली जागा मिळाली होती. आज जमलं नाही, तर पुन्हा कोण बोलावणार होतं?

उजवीकडे तबल्यावर रामाजी बसले. उत्तराने पूरिया धनाश्रीचा आलाप सुरू केला. एक सुरावट वाजवली, गज उचलला, थांबली. दुसरी वाजवली, पुन्हा थांबली. समोर लोक चुळबुळ करू लागले. कुणीतरी सरळ मोबाइल काढला. पाहा, म्हणे रसिक! उत्तराच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात रामाजी तिच्याकडे झुकले. “उत्तराताई, घडीघडी माह्या तोंडाकडे काहून पाहून राहिल्या जी? मी गाऊ का आता?”

ती चिडून उत्तर देणार, तोच तिच्या लक्षात आलं. खरंच की! दर सुरावटीनंतर तिची मान उजवीकडे वळत होती. इतकी वर्षं गवई त्याच बाजूला असायचा. दुर्गेशला झाडलं, लोकांवर चिडली, आणि गाणाऱ्याची वाट पाहत होती ती स्वतःच! तिला स्वतःचाच असा काही संताप आला की गज तारेवर जवळजवळ आदळलाच.

मग ती थांबली नाही. कोणीही आधी न गायलेली एक सुरावट निघाली, तिच्यातून दुसरी, आणि तिसरीत ती चक्क घसरली. सूर भलत्याच ठिकाणी लागला. पुढच्या रांगेत एकाने भुवया उंचावल्या. उत्तराला मात्र हसू आलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटत होता तो निव्वळ आनंद. आजवर तिने चुकासुद्धा गवयांच्याच वाजवल्या होत्या; ही तिची स्वतःची होती.